रायतूरचा मठ आणि तेथील मराठी पुराण

काशी-रामेश्वरापासून पंढरी-आळंदीपर्यंत अनेक तीर्थांचीं वर्णनें आपल्या मासिकांतून आजवर येऊन गेलीं आहेत. आज ज्या स्थळाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें तें या मालिकेंत सहज बसणारें नाहीं. तें ख्रिस्ती धर्मगुरूंचें स्थान आहे. तेथें आपला देव नाहीं. पूर्वीं होता, अशी परंपरा मात्र आहे. असें असूनहि मराठी भाषेवर ज्याची निष्ठा आहे त्यानें आयुष्यांत एकदां तरी तेथें जाऊन यावें, असें तेथून परत आल्यापासून मला वाटत आहे. गोव्यांतील साष्टी तालुक्यांत, मडगांवापासून सुमारें सात किलोमीटरांवर, झुवारी नदीच्या बाजूस रायतूर म्हणून गांव आहे. पोर्तुगीजांनीं त्याचें 'राशोल' केलें. तेथील टेंकडीवरच्या मठाच्या छापखान्यांतून इ. स. १६१६ सालीं एक मराठी पुराण छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. कर्ता इंग्रज, विषय येशू ख्रिस्ताचें चरित्र, वाणी मात्र आपली.

हा विषय मनांत येण्याचें निमित्त थोडें दूरचें आहे. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव कॅलिफोर्नियांत नोकरीस आहेत. गेल्या वर्षीं ते घरीं आले तेव्हां त्यांनीं तेथील जुन्या मिशनांचीं चित्रें आम्हां सर्वांस दाखविलीं. स्पेनच्या राजाच्या आश्रयानें फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंनीं १७६९ सालापासून तेथें ठाणीं वसविण्यास आरंभ केला. १८२३ पर्यंत, दक्षिणेस सॅन दिएगोपासून उत्तरेस सोनोमापर्यंत, अशीं एकवीस ठाणीं झालीं. कच्च्या विटांच्या जाड भिंती, त्यांवर पांढरा चुना, लाल कौलें, मधोमध चौक, एका अंगास प्रार्थनामंदिर, भोंवतीं शेतें व द्राक्षमळे. चित्रें फार सुंदर होतीं. परंतु त्या भिंती उभारण्याचे कष्ट तेथल्या मूळच्या रहिवाशांचे. बाप्तिस्मा झाल्यावर त्यांना ठाणें सोडून जाण्याची मोकळीक नसे, आणि बाहेरून आलेल्या रोगांनीं त्यांचीं गांवेंचीं गांवें ओस पडलीं. या ठाण्यांचे आद्य संस्थापक जुनिपेरो सेरा यांना २०१५ सालीं पोपमहाशयांनीं संतपद दिलें, तेव्हां त्या रहिवाशांच्या वंशजांपैकीं अनेकांनीं त्यास उघड विरोध केला. पुतण्यानें हें सारें सांगितलें आणि विचारलें, "काका, आपल्याकडे असें कांहीं आहे का?"

आहे, आणि तें कॅलिफोर्नियांतील ठाण्यांहून दीडशें वर्षांनीं जुनें आहे. आपल्या किनाऱ्यावर राज्य पोर्तुगालचें होतें, स्पेनचें नव्हतें, हें खरें. परंतु १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच मस्तकीं होता. रायतूरच्या मठाचा पाया १६०६ सालीं घातला गेला व १६१० सालीं इमारत पुरी झाली. त्या वेळीं गोव्याचा धनी म्हणजे स्पेनचा तिसरा फिलिप. मठ बांधणाऱ्या जेझुइट संप्रदायाचे संस्थापक इग्नाती लोयोला हे स्पेनमधले. १५४२ सालीं गोव्यास आलेले आणि आज ज्यांचें शव जुन्या गोव्यांत बॉम जेझू मंदिरांत ठेवलेलें आहे ते फ्रान्सिस झेवियर हे नाव्हार प्रांतांतले. मठाला प्रथम सर्व संतांचें नांव होतें; पुढें लोयोलांचें दिलें गेलें. तेव्हां पुतण्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून रायतुराचें नांव घेण्यास हरकत नाहीं. इतकेंच कीं, कॅलिफोर्नियांत ज्या गोष्टीला वाव मिळाला नाहीं ती येथें घडली, आणि तीच सांगण्यासारखी आहे.

आमचें गांव जालना जिल्ह्यांतील भोकरदन. येथून जालना, जालन्याहून आगगाडीनें मनमाड आणि तेथून गोवा एक्सप्रेसनें थेट मडगांव, असा मार्ग आम्ही धरिला. बरोबर आमची धाकटी बहीण, मुलगा व सूनबाई अशीं माणसें होतीं. प्रवासाचें वर्णन करीत बसत नाहीं. कॅसल रॉक सोडल्यावर गाडी सह्याद्रि उतरूं लागते आणि दूधसागराचा शुभ्र प्रवाह खिडकीशीं येतो, एवढेंच सांगतों. मराठवाड्याच्या काळ्या रानांत वाढलेल्या डोळ्यांना तें पाणी पाहून क्षणभर खरें वाटत नाहीं.

गाडींत सूनबाईंनीं सहज विचारलें कीं, भोकरदनच्या माणसाला गोव्याच्या पाद्र्यांचें एवढें अगत्य कां? त्यांना मीं आमच्याच गांवाची गोष्ट सांगितली. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहुत येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. १९७३ सालीं गांवाच्या पांढरींत उत्खनन झालें. सातवाहनकाळच्या पुष्कळ वस्तु निघाल्या. त्यांत हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ति होती. इटलींतील पॉम्पेई नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेंत गाडलें गेलें. तेथें १९३८ सालीं भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ति सांपडली होती, आणि आमच्या मूर्तीचें तिच्याशीं विलक्षण साम्य आहे. पॉम्पेईची ती मूर्ति भोगवर्धनीं घडली असावी, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. म्हणजे रोमक देशाशीं आपला व्यवहार दोन हजार वर्षांचा. इकडून हस्तिदंत गेलें. पुढें पंधराशें वर्षांनीं रोम नगरींत दीक्षा घेतलेला एक पुरुष इकडे आला आणि त्यानें आपली ओवी उचलली.

आमच्या बहिणीचें मात्र एवढ्यानें समाधान झालें नाहीं. ती स्पष्टपणें म्हणाली, "अण्णा, ज्यांनीं आपले देव मोडले त्यांचें घर पाहायला आपण एवढ्या लांब कशाला जायचें? मंगेशीला जाऊं, शांतादुर्गेला जाऊं, आणि परत फिरूं." तिचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नव्हतें. मी एवढेंच म्हणालों, "दोन्हीकडे जाऊं. आधीं रायतूर, मग नदीपलीकडचे देव. त्या क्रमानेंच गोष्ट घडली आहे."

मडगांवाहून निघालें कीं नारळीच्या बागा, भातशेतें आणि कौलारू घरें यांमधून वाट जाते. रायतुरास पोंचतांच प्रथम दृष्टीस पडते ती किल्ल्याची जुनी वेस. आदिलशाही अमदानींत येथें किल्ला होता. १५४३ सालीं साष्टी व बारदेश हे महाल पोर्तुगीजांकडे कायमचे आले आणि हा किल्ला त्यांच्या सरहद्दीचें ठाणें झाला. आज तटबंदी फारशी उरलेली नाहीं. वेशींतून आंत शिरून थोडें चढून गेलें म्हणजे टेंकडीच्या माथ्यावर मठाची प्रशस्त पांढरी इमारत उभी दिसते. जांभ्या दगडाचें बांधकाम, वर चुन्याचा गिलावा, भिंती अशा जाड कीं खिडकीच्या कट्ट्यावर मनुष्य मांडी घालून बसूं शकेल. मधोमध मोठा चौक, भोंवतीं दुमजली ओवऱ्या, बाजूस लोयोलांचें मंदिर. मंदिरांत शिरलें म्हणजे सोन्याच्या मुलाम्याची भव्य वेदी डोळे दिपविते. चौकाखालीं पाण्याचें मोठें टांकें आहे. याच जागीं पूर्वीं शिवालय होतें, अशी परंपरा ऐकावयास मिळते.

हें स्थान आजहि नुसतें पाहण्याचें स्थळ झालेलें नाहीं, तें नांदतें गुरुकुल आहे. जेझुइटांना पोर्तुगीज सरकारनें १७५९ सालीं आपल्या मुलखांतून हांकून दिलें. त्यानंतर मठ गोव्याच्या बिशपांकडे आला आणि धर्मगुरु तयार करण्याचें काम तेथें अद्याप चालू आहे. परवानगी घेऊनच आंत जावें लागतें. आम्ही गेलों तेव्हां पाठाची वेळ होती. ओवरींत शब्द नव्हता. ज्याचें आयुष्य शाळेंत गेलें त्याला अशा शांततेचा अर्थ सांगावा लागत नाहीं.

आतां बहिणीच्या प्रश्नाकडे वळतों. कारण तो टाळून रायतूरची हकीकत सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १५६७ च्या सुमारास याच किल्ल्याचा कप्तान दियोगु रोड्रिगिश यानें साष्टींतील देवळें पाडण्याचा व जाळण्याचा सपाटा लाविला. पोर्तुगीजांच्याच कागदपत्रांवरून पाहतां त्यांची संख्या अडीचशेंच्या वर जाते. जुन्या पोथ्या बाळगण्याची सोय राहिली नाहीं. लग्नमुंजीचे विधि उघडपणें करतां येईनात. गोव्यांतील इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, १५६० सालीं स्थापन झालें होतें. मधलीं थोडीं वर्षें वगळतां तें १८१२ पर्यंत चाललें. लोकांनीं जमेल तसे आपले देव उचलले आणि झुवारीपलीकडे अंत्रुज महालांत नेले. तेथें आदिलशाही अंमल होता. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळें येथें, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. परधर्मी मुसलमान राजाच्या राज्यांत हिंदूंच्या देवांना आसरा मिळाला, ही गोष्टहि या जमाखर्चांत लिहून ठेवण्यासारखी आहे.

पुढें १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांचा संताप अनावर झाला. नवें देऊळ बांधण्यासाठीं जागा पाहावयास आलेल्या पांच जेझुइटांना त्यांनीं ठार केलें. त्यांचे प्रमुख रुदोल्फ आक्वाव्हिव्हा हे; अकबर बादशहाच्या दरबारांत राहून ते नुकतेच परत आले होते. मग पोर्तुगीजांनीं सूड घेतला. बोलणें करण्याच्या मिषानें गांवच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें आणि तेथें त्यांचा घात केला. मारल्या गेलेल्या पाद्र्यांचीं शवें याच रायतुराच्या 'हिमगौरी माते'च्या देवळांत प्रथम पुरलीं होतीं. नंतर तीं जुन्या गोव्यास नेलीं. गांवच्या पुढाऱ्यांच्या स्मरणार्थ कुंकळ्ळीस स्मारक उभें राहावयास मात्र चारशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

अशा या रक्तानें भिजलेल्या भूमींत फादर थॉमस स्टीफन्स वावरत होते. इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. इंग्लंडांत त्या काळीं रोमन कॅथॉलिकांचा छळ होत असे, म्हणून ते देश सोडून रोमला गेले आणि १५७५ सालीं जेझुइट झाले. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून ऑक्टोबरांत गोव्यास उतरले आणि चाळीस वर्षें येथेंच राहून १६१९ सालीं वारले. भारतांत येऊन राहिलेले ते पहिले ज्ञात इंग्रज. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १६०० सालची. म्हणजे तागडी घेऊन येणाऱ्या इंग्रजाच्या आधीं लेखणी घेऊन आलेला इंग्रज मराठी शिकून बसला होता. पोर्तुगीजांनीं देवळें पाडलीं तेव्हां स्टीफन्स गोव्यांत आले नव्हते, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु त्यांचें आयुष्य गेलें तें त्या मोडतोडीनंतर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेंतच, हेंहि विसरतां येत नाहीं.

संस्कृत शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्याला स्टीफन्स यांची एक गोष्ट विशेष मोलाची वाटेल. १५८३ सालीं आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं नमूद केलें आहे कीं, या देशांतील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भगिनीभाषा असल्याचें जें विख्यात व्याख्यान दिलें तें १७८६ सालीं. त्याच्या दोनशें वर्षें आधीं साष्टींतल्या पाद्र्याच्या कानाला तें साम्य जाणवलें होतें. कान तयार असल्याशिवाय असें ऐकूं येत नाहीं. त्यांनीं लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण त्यांच्या मरणानंतर १६४० सालीं रायतुरासच छापलें गेलें; हिंदी भाषांपैकीं एखाद्या भाषेचें छापील व्याकरण म्हणून तें अगदीं आरंभीच्या ग्रंथांत मोडतें.

आतां पुराणाविषयीं. लोक त्यास 'ख्रिस्तपुराण' म्हणतात. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यांत जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वींच्या कथा, दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र. अध्यायाला तेथें 'अवस्वरू' असें नांव आहे; पहिल्या भागांत ३६ व दुसऱ्यांत ५९. वैकुंठ, मोक्ष, भक्त, गुरु हे आपले शब्द त्यांनीं निःसंकोचपणें घेतले आहेत. मराठीच्या थोरवीच्या त्यांतल्या ओव्या आपणांपैकीं पुष्कळांनीं पाठ्यपुस्तकांत वाचल्या असतील, म्हणून त्या येथें देत नाहीं. लक्षांत घेण्यासारखा आहे तो काळ. आमच्या मराठवाड्यांत, पैठणास, नाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं. त्याच वर्षांत साष्टींत स्टीफन्स ओवीचीं पहिलीं पाउलें गिरवीत असले पाहिजेत. गोदातीरीं आणि झुवारीतीरीं एकाच छंदाची उपासना चालली होती, आणि एकास दुसऱ्याची वार्ताहि नसावी!

परंतु या ग्रंथाच्या आरंभीं जें कारण दिलें आहे त्यानें माझें मन फार वेधलें. नव्यानें ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण आपल्या गुरूला विनवितो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें आतां बंद झालीं. त्यांच्या जागीं वाचावयास व ऐकावयास दुसरें एखादें पुराण आम्हांस करून द्यावें. वाचकहो, या एका विनंतींत केवढें दुःख भरलेलें आहे, तें पाहा. त्या गृहस्थाचें देऊळ गेलें होतें, नांव बदललें होतें, पोथी गेली होती. तो देऊळ परत मागत नाहीं, जुनें नांव मागत नाहीं. सायंकाळीं चार माणसें जमवून कानांवर पडणारी कथा तेवढी मागतो. जेवणखाण, वस्त्र, नांव हीं सक्तीनें बदलवितां येतात. संध्याकाळचें श्रवण गेलें कीं घर पोकळ होतें, हें त्याला उमजलें होतें. आणि तें स्टीफन्स यांनाहि उमजलें, हा त्यांचा मोठेपणा. त्यांना सुटसुटीत प्रश्नोत्तरी देऊन मोकळें होतां आलें असतें. तशी एक त्यांनीं लिहिलीहि, ती १६२२ सालीं छापली गेली. परंतु पुराण ऐकण्याची ज्याची संवय आहे त्याची भूक प्रश्नोत्तरीनें भागत नाहीं. म्हणून अकरा हजार ओव्या रचाव्या लागल्या. ज्या सत्तेनें पोथी हिरावून घेतली तिच्याच माणसाला पोथी करून द्यावी लागली, यांत विजय कोणाचा म्हणावा?

या पुराणाचे खिळे देवनागरी असावेत, अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ सालीं त्यांनीं रोमच्या आपल्या वरिष्ठांना तसें लिहिलें आणि अडचणहि कळविली कीं, लॅटिनचें चोवीस अक्षरांत भागतें, पण या लिपीला जोडाक्षरांसह सहाशेंच्या घरांत आकार लागतात. ती सोय झाली नाहीं; मराठी पुराण रोमन लिपींत निघालें. पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. या तीन आवृत्त्यांपैकीं एकहि छापील प्रत आज कोठें असल्याचें ज्ञात नाहीं. १६८४ सालीं व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. ज्या राज्यांत आधीं हिंदूंच्या पोथ्या गेल्या, त्याच राज्यांत शेवटीं पाद्र्याच्या मराठी पोथीलाहि आधार उरला नाहीं. भाषेचा द्वेष एकदां सुरू झाला कीं तो धर्म पाहून थांबत नाहीं.

मग हें पुराण वांचलें कसें? येथें इतिहासाची एक विलक्षण जोडी जुळते. हिंदूंनीं देव घेऊन नदी ओलांडली, तसेंच गोव्यांतील अनेक ख्रिस्ती कुटुंबें निरनिराळ्या कारणांनीं दक्षिणेस कानडा प्रांतांत गेलीं, आणि त्यांनीं या पुराणाच्या हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या. त्या त्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या राहिल्या. त्यांच्या आधारें जोसेफ साल्ढाणा यांनीं मंगळूर येथें १९०७ सालीं रोमन लिपींत हा ग्रंथ छापला. देवनागरींतली एक जुनी हस्तलिखित प्रत लंडनांत मार्सडेन यांच्या संग्रहांत निघाली. देवनागरी अक्षरांत छापील ग्रंथ मराठी वाचकाच्या हातीं आला तो १९५६ सालीं, शांताराम बंडेलू यांच्या हातून. कर्त्याच्या मनांतली इच्छा पुरी होण्यास साडेतीनशें वर्षें लागलीं. त्यानंतरहि १९९६ व २००९ सालीं देवनागरी आवृत्त्या निघाल्या आहेत. गोव्याच्या छापखान्यांचा व धर्मन्यायासनाचा इतिहास, असे दोन्ही विषय एकाच निष्ठेनें अभ्यासणारे अनंत काकबा प्रियोळकर यांचे उपकार या प्रसंगीं स्मरले पाहिजेत. दोन्ही खातीं एकाच वहींत कशीं लिहावींत, हें त्यांच्याकडून शिकावें.

रायतुराच्या गुरुकुलाचे आणखी एक विद्यार्थी आपल्या ओळखीचे असावेत. मॉन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद हे येथेंच शिकून १८८१ सालीं धर्मगुरु झाले. त्यांनीं १८९३ सालीं कोंकणी-पोर्तुगीज कोश केला, १८९७ सालीं हितोपदेशाचें पोर्तुगीज भाषांतर प्रसिद्ध केलें आणि पुढें लिस्बनला जाऊन संस्कृत शिकविलें. ज्या किल्ल्याच्या कप्तानानें देवळें पाडलीं त्याच्या टेंकडीवर शिकलेला पुरुष लिस्बनांत विष्णुशर्म्याच्या परंपरेंतल्या कथा सांगत बसला, ही कालाची गति पाहून मन थक्क होतें.

मठांतून निघतांना एक लहानसा प्रसंग घडला. मंदिराच्या दारांत एक तरुण विद्यार्थी भेटला. मराठी उत्तम समजणारा. माझ्या पिशवींत ख्रिस्तपुराण आहे हें पाहून त्याला नवल वाटलें. त्याच्या विनंतीवरून मीं चार ओव्या म्हणून दाखविल्या. आमच्याकडे ज्ञानेश्वरीच्या पारायणांत म्हणतात त्याच चालीवर. मला दुसरी चाल येत नाहीं. तो स्तब्ध उभा राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, हें आम्ही अभ्यासासाठीं वाचलें आहे. पण असें म्हटलेलें मीं कधीं ऐकलें नव्हतें. पुन्हां म्हणाल का?" मीं पुन्हां म्हटल्या. तिसऱ्या वेळीं तो माझ्याबरोबर म्हणूं लागला. पोथी त्यांच्याकडच्या घरांनीं राखली, चाल आमच्याकडच्या घरांनीं. चारशें वर्षें हीं दोन अर्धुकें वेगवेगळीं राहिलीं. त्या दारांत तीं घटकाभर एकत्र आलीं. आमची बहीण पायरीवर बसून ऐकत होती. ती कांहीं बोलली नाहीं.

दुपारीं बोरीच्या पुलावरून झुवारी ओलांडून आम्ही शिरोड्यास गेलों. तेथें कामाक्षीचें मोठें देवस्थान आहे. ही देवी मूळची रायतुराशेजारच्या राय गांवची. बरोबर रायेश्वरहि आला. मूळ गांवाचें नांव देवानें आपल्या नांवांत जपून ठेवलें आहे. आज मोटारीला ती वाट फार थोड्या वेळाची आहे. सोळाव्या शतकांत रात्रीच्या अंधारांत, होडींतून, मूर्ति पदराखालीं झांकून आलेल्या माणसांना ती केवढी वाटली असेल! बहिणीनें ओटी भरली. प्रदक्षिणा झाल्यावर ती म्हणाली, "अण्णा, हिचें माहेर त्या काठीं ना? माहेर गेलें तरी नांव ठेवलें हिनें. आणि तिकडचा तो मुलगा. त्याच्याहि घरचें कांहीं गेलेलंच असेल की. तो मागत होता तें त्याला द्यायलाच हवं होतं." मठ पाहण्याविषयीं तिचा आक्षेप होता, तो मागें घेतला असें ती म्हणाली नाहीं, आणि तसें तिनें म्हणावें अशी माझीहि अपेक्षा नव्हती. मोडलेल्या देवळाचें दुःख खरेंच आहे. तें विसरावयास सांगणारा मनुष्य इतिहास शिकवीत नाहीं, तो पुसतो. परंतु ज्याची पोथी गेली आणि ज्यानें नवी मागितली तोहि आपल्याच भाऊबंदांतला होता, आणि त्याच्या वंशजांना परके म्हणणें म्हणजे तें दुःख अर्धेंच मोजणें होय.

वाचकांस एक सूचना करून हा लेख संपवितों. आपल्या घरांतून चातुर्मासांत पोथी लावण्याचा प्रघात अद्याप पुष्कळ ठिकाणीं आहे. पोथीच्या जागीं ख्रिस्तपुराण लावा, असें मी म्हणत नाहीं. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्या ठिकाणीं. पण मुलांना जवळ बसवून एखाद्या सुटीच्या दिवशीं त्याची देवनागरी प्रत काढावी, आणि एखादा अवस्वरू मोठ्यानें, ओवीच्या चालीवर, म्हणून दाखवावा. कठीण शब्द अडतील, ज्ञानेश्वरींतहि अडतातच. मग मुलांना दोन गोष्टी सांगाव्या. पहिली ही कीं, हें ज्या गांवीं छापलें तेथील किल्ल्यावरून आपल्या देवळांचा नाश झाला. दुसरी ही कीं, तेथेंच सात समुद्रांपलीकडचा एक मनुष्य चाळीस वर्षें आपली भाषा शिकत राहिला, कारण आपल्यांतल्या एकानें त्याच्याजवळ ऐकण्यासाठीं कथा मागितली. दोहोंपैकीं एकच गोष्ट सांगणें सोपें आहे, आणि हल्लीं तसें सांगणारे पुष्कळ भेटतात. घरांतल्या वडील माणसांनीं मात्र दोन्ही सांगाव्या.